पदकावरचं नाव

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात झालेल्या ‘आपल्यातलेच छंदिष्ट’ या कार्यक्रमातील भाषण. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला अर्धा तास दिलाय आणि चहा साडेसहाला येणार असं बजावलंही आहे. तेव्हा चहा आला की मी थांबेन, मग वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल.

आपल्या इमारतीत माझ्या छंदाबद्दल बरेच गैरसमज आहेत. मी चांदी घेतो-विकतो असं काहींना वाटतं. दोन वर्षांपूर्वी एका शेजाऱ्यांनी फुटके पैंजण आणून दिले होते, ‘काय येतील बघा’ म्हणून. लहान मुलांना वाटतं की ही सगळी पदकं मीच मिळवलीत. हा दुसरा गैरसमज मी बरीच वर्षं दूर केला नाही, हे आज कबूल करतो. मला आयुष्यात चित्रकलेचं एकच बक्षीस मिळालं, आठवीत असताना, आणि तो होता कंपासपेटीचा डबा. इंटरमिजिएटला तर मी ‘सी’ ग्रेडमध्ये जेमतेम बसलो.

मी जमवतो ती जुन्या कलाशाळांची आणि चित्रप्रदर्शनांची बक्षिसं. त्यांत गोल ती पदकं. चौकोनी किंवा आयताकृती धातूचे तुकडे असतात त्यांना प्लाक म्हणतात. आपल्या शाळांतून फिरती ढाल असायची ना, तिचे हे लहान, तळहाताएवढे चुलतभाऊ समजा. माझ्याकडे आज लहानमोठी ६३ पदकं आहेत आणि ११ प्लाक. निम्म्याहून जास्त ब्राँझची आहेत, म्हणजे तांबं आणि कथील. चांदीची थोडी. सोन्याचं एकही नाही. त्यामुळे चोरांनी तसदी घेऊ नये.

सुरुवात झाली ती चोर बाजारात. मी फोर्टात नोकरीला होतो. शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात, पण पहाटे रस्त्यावर पथाऱ्या लागतात, बॅटरीच्या उजेडात माल बघायचा. मी खरं म्हणजे जुनं घड्याळ शोधत होतो. एका पथारीवर नळाच्या तोट्या आणि चष्म्याच्या फ्रेमा यांच्यामध्ये एक काळी गोल चकती पडली होती. विकणारा म्हणाला, ‘पेपरवेट है साब.’ एका बाजूला हातात रंगफळा घेतलेली बसलेली बाई, दुसऱ्या बाजूला पानांचं कडं, आणि कड्याच्या आत इंग्रजीत एक नाव, एक साल आणि तीन-चार शब्द: ‘ड्रॉइंग फ्रॉम द अँटीक’. मला वाटलं, अँटीक म्हणजे जुनी वस्तू. जुन्या वस्तूंची चित्रं काढली म्हणून पदक देतात की काय? पुढे कळलं की कलाशाळेत ‘अँटीक’ म्हणजे ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकला. नवा विद्यार्थी जिवंत माणूस समोर बसवून काढायच्या आधी महिनोन्महिने या पांढऱ्या पुतळ्यांसमोर बसून छाया-प्रकाश घोटवायचा. इंग्लंडात तसं, आणि इंग्लंडातून इथे आलेल्या शिक्षणातही तसंच.

ते नाव कुणाचं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण त्या दिवशी लोकलमध्ये ती चकती खिशात घेऊन बसलो असताना एक गोष्ट डोक्यात आली आणि ती अजून गेलेली नाही. हा माणूस एके काळी वर्गात पहिला आला होता. त्याच्या घरच्यांनी हे पदक शेजाऱ्यांना दाखवलं असणार. आणि आता ते तोट्यांच्या शेजारी पडलं होतं.

आता थोडा इतिहास. मुलांनो, चुळबूळ करू नका, यात गोष्टीही आहेत.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांनी कलाशिक्षणासाठी १ लाख रुपये दिले आणि १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. हो, ते साल तेच, उठावाचं. १८६५ साली तिथे शिकवायला जॉन लॉकवुड किपलिंग आले. त्याच वर्षअखेरीला त्यांचा मुलगा रडयार्ड मुंबईतच जन्मला, तोच पुढे ‘जंगल बुक’ लिहिणारा. शिकवण्याची पद्धत लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची होती: पायरीपायरीने वर्ग, दर वर्षी परीक्षा, आणि परीक्षेमागोमाग बक्षिसं. लंडनची रॉयल अकॅडमी तर १७६९ पासून आपल्या विद्यार्थ्यांना पदकं देत होती. तिथल्या सोसायटी ऑफ आर्ट्सने जॉन एव्हरेट मिले या मुलाला चित्रासाठी रौप्यपदक दिलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. पुढे तो इंग्लंडातल्या सगळ्यात नावाजलेल्या चित्रकारांपैकी एक झाला. नऊ वर्षांचा! सतरंजीवरच्या मंडळींनी नोंद घ्यावी.

जे. जे.मधलं मानाचं पदक म्हणजे मेयो पदक. लॉर्ड मेयो हे व्हाइसरॉय. १८७२ साली अंदमानात पोर्ट ब्लेअरला त्यांचा खून झाला, आणि मग त्यांच्या नावाने देशभर काय काय निघालं. अजमेरचं मेयो कॉलेज तुम्ही ऐकलं असेल. मेयो साहेबांनी स्वतः कधी चित्र काढलं होतं का ते राहू द्या. पण जुन्या मराठी चित्रकारांची चरित्रं वाचायला घेतलीत तर ‘मेयो पदक’ हे शब्द पुन्हा पुन्हा भेटतील.

मग १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली. आपल्यासारखी नव्हे, तिला मेन्टेनन्स नव्हता! ती दर वर्षी प्रदर्शन भरवायची आणि पदकं द्यायची. १८९५ साली तिचं सुवर्णपदक मिळालं कोल्हापूरहून आलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधर या तरुणाला. चित्राचं नाव ‘आलीस का गं लक्ष्मी?’ धुरंधर १८९० मध्ये जे. जे.त विद्यार्थी म्हणून शिरले आणि तिथेच शिक्षक होऊन राहिले. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ आहे. आणि १९३७ साली याच संस्थेचं सुवर्णपदक मिळालं अमृता शेरगिल यांना. तीन मुली बसल्या आहेत, तिघींचे डोळे खाली, असं ते चित्र. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. दिल्लीला गेलात तर बघा, फार वेळ उभं करतं.

आता कुणी म्हणेल, पदकाने काय होतं? आज आपण मुलांना भाग घेतल्याबद्दलसुद्धा पदक देतो, प्लॅस्टिकचं, तिरंगी फितीचं. आपल्याच गणपतीतल्या चित्रकला स्पर्धेत मागच्या वर्षी २२ मुलं होती आणि २२ पदकं दिली. देऊ नयेत असं नाही. पण त्या काळातलं पदक म्हणजे पोटाचा प्रश्न होता. चित्रकाराला काम कोण देणार? संस्थानिक, मोठे वकील, पारशी-भाटिये धनिक, सरकार. त्यांना चित्रातलं कळायचंच असं नाही. पदक मात्र कळायचं. ‘अमुक पदकप्राप्त’ एवढे शब्द नावामागे लागले की एखादं व्यक्तिचित्राचं काम मिळायचं, नाहीतर शाळेत ड्रॉइंग मास्तरची नोकरी तरी. खेड्यातून आलेल्या मुलासाठी ती चकती म्हणजे वडिलांना दाखवायचा पुरावा, की मी मुंबईत रंग उधळत बसलो नाही.

सुवर्णपदक म्हटलं की आपण सोन्याचं समजतो, ते मात्र सोडून द्या. ऑलिंपिकचं शेवटचं अस्सल सोन्याचं पदक १९१२ साली स्टॉकहोमला दिलं गेलं. त्यानंतरची सगळी चांदीची, वरून सोन्याचा मुलामा. कलेच्या जगातही हा प्रकार होताच. आणि याचं आपल्याला जवळचं उदाहरण राजा रविवर्मा. १८९३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं. त्याच निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले. त्या प्रदर्शनात रविवर्म्यांची दहा चित्रं होती आणि त्यांना दोन पदकं मिळाली. आपल्याकडे अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं की ती सुवर्णपदकं होती. पण शिकागोच्या त्या प्रदर्शनात बक्षिसाचं पदक एकाच प्रकारचं होतं, ब्राँझचं, तीन इंच व्यासाचं. पहिलं-दुसरं-तिसरं असं काही नव्हतंच. २३ हजारांहून अधिक पदकं वाटली गेली, आणि तीही तयार व्हायला इतका उशीर झाला की लोकांच्या हातात पडेपर्यंत १८९६ उजाडलं.

उशीर का, त्याची गोष्ट मजेची आहे. पदक करायचं काम दिलं होतं ऑगस्टस सेंट-गॉडन्स या मोठ्या शिल्पकाराला. पुढच्या बाजूला त्याने कोलंबस किनाऱ्यावर पाऊल टाकतोय असं दाखवलं. मागच्या बाजूला एक उघडा तरुण उभा केला. झाला गदारोळ! अश्लील म्हणून ती बाजू नाकारली आणि टांकसाळीतल्या चार्ल्स बार्बर नावाच्या खोदकाम करणाऱ्याकडून दुसरी करून घेतली. त्यामुळे हे पदक एका बाजूने बघावं आणि दुसऱ्या बाजूने वाचावं असं झालंय. वाचावं म्हणजे, मागच्या बाजूला एक छोटी चौकट सोडली होती आणि त्यात ज्याला दिलं त्याचं नाव उठवलं होतं. २३ हजार पदकं, आणि प्रत्येकावर वेगळं नाव! मला त्या कोलंबसापेक्षा ही चौकट मोठी वाटते. कारण नाव नसेल तर त्या २३ हजारांतलं एक पदक दुसऱ्यासारखंच.

पदक कसं होतं ते थोडक्यात सांगतो. शिल्पकार आधी ताटाएवढं मातीचं किंवा प्लास्टरचं उठावचित्र करतो. मग एका यंत्राने ते लहान करून पोलादी ठशात उतरवतात. यंत्राची एक सुई मोठ्या चित्रावरून फिरते आणि दुसऱ्या टोकाला कापणारी सुई तेच बारीक कोरत जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला पॅरिसच्या जान्वियेने हे यंत्र फार सुधारलं. मग दोन ठशांमध्ये धातूची चकती ठेवून दाबायची. एका दाबात नाही उठत, मध्ये मध्ये तापवून पुन्हा दाबावं लागतं. इथपर्यंत सगळं परदेशात, लंडन-बर्मिंगहॅमला किंवा टांकसाळीत. नाव मात्र शेवटी, निकाल लागल्यावर, गावातला खोदकाम करणारा घालणार. त्यामुळे एवढं देखणं पदक आणि नावाचं स्पेलिंग चुकलेलं, असे नमुने माझ्याकडे तीन आहेत. मराठी आडनावं इंग्रजीत लिहायची म्हणजे त्या कारागिराची परीक्षाच. ‘ळ’ आला की संपलं.

चांदीच्या विलायती पदकावर कडेला बारीक शिक्के असतात. चालता सिंह म्हणजे चांदी ९२.५ टक्के. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. बर्मिंगहॅमला समुद्र नाही, पण शिक्का नांगराचा! भिंग घेऊन या, टेबलावर दाखवतो.

आता ज्या पदकाबद्दल बोलायचं म्हणून मी आज उभा राहिलो त्याकडे येतो. सेक्रेटरीसाहेब, चहा जरा थांबवा.

साधारण पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आपण इथे राहायला यायच्या आसपासची. माझ्या ओळखीचे एक सराफ होते. त्यांना सांगून ठेवलं होतं की मोडीत पदक आलं तर आटवायच्या आधी मला एक फोन करा. तुम्हाला कल्पना नसेल किती पदकं अशी गेली. १९८० च्या जानेवारीत जगभर चांदी भडकली होती, अमेरिकेत हंट बंधूंनी साठेबाजी केली म्हणून. तेव्हा कित्येक घरांतली ताटं-वाट्या-पदकं मुशीत गेली. त्या पदकांवरच्या नावांचं काय झालं असेल? तीही वितळली.

तर सराफांचा फोन आला. डब्यात तोरड्या, अत्तरदाणीचा तुटका दांडा, आणि एक पदक. साडेतीन तोळे. मुंबईतल्या एका कलाशाळेचं. कुठली, कुठल्या सालचं, कुठल्या विषयाचं, ते मी सांगणार नाही. का ते पुढे कळेल. पुढची बाजू सुरेख होती. मागची फिरवली तर मधोमध, जिथे नाव असायला हवं तिथे, पांढरे ओरखडे. कुणीतरी कानस लावून नाव घासून काढलं होतं. घाईने घासलं होतं. कड्यावरची दोन पानंही गेली होती.

मी सराफांकडे पाहिलं. ते म्हणाले, ‘असं येतं कधी कधी. ताटांवरचीही नावं घासून आणतात. विकायची लाज वाटते हो लोकांना.’

वजनाच्या भावाने घेतलं आणि घरी आलो. आणि मग मी जे केलं ते बरोबर की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी बॅटरी घेतली, आडवी धरली, आणि वाचायचा प्रयत्न केला. नाव छिन्नीने खोदलं असेल तर खोल रेघांचा तळ कधी कधी राहतो. ठशाने ठोकलं असेल तर वरून घासलं तरी खालचा धातू दाबलेलाच राहतो. आडव्या उजेडात शेवटची तीन अक्षरं आणि पहिल्या नावाचं आद्याक्षर मला लागलं. आमच्या हिने मागून पाहिलं आणि म्हणाली, ‘त्यांनी घासलंय ना? मग तुम्ही कशाला वाचताय?’

उत्तर नव्हतं. तरी मी वाचलं. संग्राहकाला हा रोगच असतो. साल आणि विषय पदकावर शाबूत होते. त्या सालच्या बक्षीस समारंभाचा छापील कागद मला पुढे वर्षभराने एका रद्दीवाल्याकडे जुन्या कॅटलॉगांच्या गठ्ठ्यात मिळाला. विषय जुळला, तीन अक्षरं जुळली, आद्याक्षर जुळलं. नाव एका मुलीचं होतं.

त्या काळात कलाशाळेत मुली होत्या, पण हाताच्या बोटांवर. धुरंधरांची मुलगी अंबिका हिने जी. डी. आर्ट पुरी केली आणि पुढे आयुष्यभर चित्रं काढली, पण तिच्या घरात कलेचं वारं होतं. बाकीच्या कितीतरी जणींचं काय झालं? लग्न झालं, आडनाव बदललं, आणि मग रांगोळी तेवढी उरली. या मुलीने मुलांच्या वर्गात पहिलं येऊन पदक घेतलं होतं. आणि त्याचा धातूतला एकमेव पुरावा माझ्या टेबलावर होता, घासलेला.

मी शोध घेतला. कसा घेतला ते सांगत नाही, पण पत्ता मिळाला. बाई हयात नव्हत्या, मुलगा होता, साठीच्या पुढचा. एका रविवारी सकाळी गेलो. पदक रुमालात गुंडाळून खिशात. मनात अशी कल्पना की मी ते काढून हातात देईन, त्यांचे डोळे भरून येतील, आणि मला पोहे मिळतील.

दार त्यांनीच उघडलं. मी सगळं सांगितलं. दारातच उभं राहून त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘तुमची काहीतरी गल्लत होतेय. माझी आई चित्रं काढत नव्हती. आमच्या घरात असलं काही नव्हतं.’ आवाज अगदी सभ्य. मी रुमाल उघडून पदक पुढे केलं. त्यांनी हात लावला नाही. एकदा पाहिलं आणि म्हणाले, ‘चुकीच्या घरी आलात.’

मी माफी मागितली आणि निघालो. अर्धा जिना उतरलो होतो. वरून आवाज आला, ‘अहो, त्याची डबी होती का? आतून निळी मखमल असलेली?’

मी डबीचा उल्लेखही केला नव्हता. मी सांगितलं, ‘नाही, डबी नव्हती. नुसतं पदक आलं.’

‘बरं,’ म्हणाले आणि दार लावलं.

मंडळी, मी कितीतरी वेळ त्या जिन्यात उभा होतो. परत वर जावं की नाही? गेलो नाही. घरी आल्यावर हिला सांगितलं. ती म्हणाली, ‘विकताना त्यांना काय झालं असेल तुम्हाला काय माहीत? आजारपण असेल, फी असेल. नाव घासलं ते आईला वाचवायला घासलं असेल.’ माझा एक मित्र आहे, तोही संग्राहक, त्याचं मत बरोबर उलट. तो म्हणतो की नाव छापून टाक. कलेच्या इतिहासात आधीच बायकांची नावं कमी, त्यात तू एक दडवून बसलायस. मुलाची लाज मोठी की आईचं काम मोठं? त्याचं म्हणणं खोटं नाही. मलाही अनेकदा तसंच वाटतं. पण ते दार आठवलं की माझा हात थांबतो.

सध्या मी असं केलंय. पदकाखाली एक बंद पाकीट आहे. त्यात तिचं नाव, साल, विषय, छापील कागदाची झेरॉक्स, आणि मी त्या घरी कधी गेलो त्याची तारीख. माझ्या मुलीला सांगून ठेवलंय की माझ्यानंतर उघडायचं की नाही ते तू ठरव. टेबलावर हे पदक आज ठेवलंय. त्याच्या चिठ्ठीवर फक्त ‘रौप्यपदक, मुंबई’ एवढंच लिहिलंय. पालथं ठेवलंय. कृपा करून उलटून बघू नका. बघितलंत तरी कुणाचं ते विचारू नका.

आता कामाच्या दोन गोष्टी, कारण मला माहीत आहे की तुमच्यापैकी पुष्कळांच्या कपाटात आजोबांचं, आत्याचं, कुणाचं तरी पदक आहे. चित्रकलेचंच नव्हे, तालमीचं, वक्तृत्वाचं, काहीही.

पहिली आणि महत्त्वाची: घासू नका. दिवाळीला देव घासायला काढले की लगे हाथ पदकही घासलं जातं. चिंच, पितांबरी, टूथपेस्ट, काही म्हणजे काही लावू नका. चांदीवर काळं पुट येतं ते हवेतल्या गंधकामुळे. ते पुट घासलं की त्याबरोबर थोडी चांदीही जाते, आणि दर दिवाळीला थोडं थोडं करत नाकाचा शेंडा आणि नावातलं अक्षर जातं. ब्राँझचा तपकिरी रंग तर बनवणाऱ्याने मुद्दाम चढवलेला असतो, तो काढून पिवळंधमक केलं म्हणजे झालं वाटोळं. मात्र ब्राँझवर फिकट हिरवी भुकटी दिसली तर लक्ष द्या. आपल्याकडे खारी हवा आहे आणि तो रोग पसरतो. अशा वेळी ते पदक बाकीच्यांपासून बाजूला, कोरडं ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

दुसरी, प्लॅस्टिकच्या मऊ पिशवीत ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या द्रव्यांनी तांबं हिरवं पडतं. रबरबँड गुंडाळू नका, त्यात गंधक असतं. सुती कापड, नाहीतर साधा आम्लरहित कागद, आणि औषधाच्या बाटलीत येते ती सिलिका जेलची पुडी. हातात धरताना कडेला धरा, तोंडावर बोट नको, घामाचे ठसे कायमचे उमटतात. आणि मूळ डबी असेल तर ती फाटकी असली तरी टाकू नका. डबीच्या झाकणात आतल्या रेशमावर बनवणाऱ्याचं नाव छापलेलं असतं. डबीचं महत्त्व मला कुणी जिन्यावरून शिकवलं ते आता तुम्हाला माहीतच आहे.

तिसरी गोष्ट परदेशी असलेल्या मुलांच्या आईवडलांसाठी. १९७२ च्या कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी कलावस्तू, नाणं वगैरे पुरावस्तू ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. नातवाला आठवण म्हणून पणजोबांचं पदक बॅगेत घालून द्यायच्या आधी साल बघा. फोटो पाठवा, फोटोला बंदी नाही.

फोटो सगळ्यांनीच काढून ठेवा, दोन्ही बाजूंचे आणि कडेचा. २००४ च्या मार्चमध्ये शांतिनिकेतनच्या संग्रहालयातून रवींद्रनाथांचं नोबेल पदकच चोरीला गेलं. नोबेल संस्थेने नंतर प्रतिकृती करून दिल्या. ठाकुरांना प्रतिकृती मिळाली, तुमच्या आत्याला कोण देणार?

आणि एक विनंती कमिटीला. रौप्यमहोत्सवानिमित्त प्रत्येक सभासदाला स्मृतिचिन्ह द्यायचं ठरलंय. ते चांदीचं असावं की अ‍ॅक्रिलिकचं यावर मागच्या सभेत पाऊण तास चर्चा झाली. माझं म्हणणं, अ‍ॅक्रिलिकचं करा, पुठ्ठ्याचं करा, पण त्यावर सोसायटीचा लोगो आणि ‘२५ वर्षे’ एवढंच घालू नका. सभासदाचं नाव घाला. आणि मूळ सभासदांपैकी जे आता नाहीत, त्यांचं नाव त्यांच्या घरच्यांना विचारून घाला. स्पेलिंग दोनदा तपासा. आडनावात ‘ळ’ असलेली आपल्याकडे नऊ कुटुंबं आहेत, मी यादी बघितली आहे.

चहा आलेला दिसतोय. पदकं मागच्या दोन टेबलांवर आहेत. डावीकडचं टेबल हातात घ्यायचं, उजवीकडचं नुसतं बघायचं. भिंग दोन आहेत, मुलांनी भांडू नये. पुढच्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी इथेच खाली बसणार आहे. घरात जे काय असेल ते आणा, काळं असेल तर काळंच आणा. किंमत मी सांगणार नाही. त्यावर काय लिहिलंय ते मात्र दोघं मिळून वाचू.